व्हर्च्युअल लेगो: सॉफ्टवेअर निवडण्याआधी फाइलचं बघा

हेडफोन सापडत नसेल तर हा भाग इथे वाचा, बोललो तसाच लिहून काढलाय.

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न: "स्क्रीनवर लेगोचं मॉडेल बनवायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" आणि लगेच दुसरा: "फोनवर होईल का?" दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. मेकाब्रिक्स ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल काही करावं लागत नाही, त्यामुळे चव घ्यायला उत्तम. पण सहा इंची स्क्रीनवर बोटाने ठोकळा नेमका जागेवर बसवणं म्हणजे वैताग. शंभर ठोकळ्यांच्या पुढे जायचं असेल तर कुणाचा तरी लॅपटॉप मागा.

आता मुद्द्याचं. मी सुरुवात केली आपल्या एसटीच्या लाल बसपासून. खरे ठोकळे परवडत नव्हते म्हणूनच तर स्क्रीनवर आलो होतो. प्रोग्रॅम घेतला ब्रिकलिंकचा स्टुडिओ. फुकट आहे, विंडोज आणि मॅकवर चालतो. दोन महिने रोज रात्री बसून बस पूर्ण केली. मग पैसे साठवून खरे पार्ट मागवायला गेलो, तर खिडकीचा एक पार्ट मी निवडलेल्या रंगात कधी निघालाच नव्हता! स्टुडिओ त्याबद्दल इशारा देतो. मी तो वाचलाच नाही, चूक शंभर टक्के माझी. शिवाय मागचा बंपर कशालाच जोडलेला नव्हता, नुसता हवेत तरंगत होता. स्क्रीनवर गुरुत्वाकर्षण नसतं ना.

म्हणून, मॉडेल पुढेमागे हातात घ्यायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: स्टुडिओ. कुठला पार्ट सुटा आहे, कुठला जोड कच्चा आहे, हे तो तपासून दाखवतो. पार्टची यादी थेट ब्रिकलिंकच्या बाजारात टाकता येते. पायरीपायरीने बांधणीचं पुस्तकही त्यातच बनतं. फक्त भारतात मागवताना शिपिंग आणि कस्टमचा हिशोब आधी करा, नाहीतर बस स्वस्त आणि तिचं तिकीट महाग.

पण एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. यूट्यूबवर सगळे रेंडर किती भारी येतो हेच बोलतात, फाइलबद्दल कुणी बोलत नाही. लेगोचा स्वतःचा एक प्रोग्रॅम होता, लेगो डिजिटल डिझायनर. कित्येक वर्षं लोकांनी त्यात मॉडेल्स केली. २०१९ मध्ये लेगोने ब्रिकलिंक विकत घेतलं, आणि २०२२ मध्ये डिजिटल डिझायनर बंद करून सगळ्यांना स्टुडिओकडे जायला सांगितलं. स्टुडिओ त्या जुन्या फाइल्स उघडतो, म्हणून निभावलं. पण विचार करा, उद्या स्टुडिओच बंद झाला तर?

इथे एलड्रॉ कामाला येतो. १९९५ मध्ये जेम्स जेसिमन नावाच्या ऑस्ट्रेलियन तरुणाने तो लिहिला, डॉसच्या जमान्यात. १९९७ मध्ये तो वारला. पण पार्टची लायब्ररी जगभरच्या हौशी लोकांनी चालू ठेवली, आणि आजही तिच्यात नवे पार्ट येतात. कारण साधं आहे: एलड्रॉची फाइल म्हणजे निव्वळ मजकूर, नोटपॅडमध्येही उघडते. एका पार्टला एक ओळ. सुरुवातीचा १ म्हणजे "इथे पार्ट आहे". पुढचा आकडा रंगाचा, ४ म्हणजे लाल. मग तीन आकडे जागेचे, नऊ आकडे तो कसा फिरवलाय त्याचे, आणि शेवटी पार्टची फाइल. ३००१ म्हणजे आपला दोन बाय चारचा नेहमीचा ठोकळा. मोजमापही पूर्णांकांत: दोन उंचवट्यांमध्ये २० युनिट, ठोकळ्याची उंची २४, पातळ प्लेटची ८. तीन प्लेट म्हणजे एक ठोकळा, हिशोब चोख! एवढं कळलं की माझी बस मला नुसती वाचताही येते, चौदा-चौदा आकड्यांच्या ओळींमध्ये.

स्टुडिओमधून एलड्रॉमध्ये एक्सपोर्ट करता येतं. दर रविवारी मी तशी एक कॉपी काढून ड्राइव्हवर टाकतो.

लॅपटॉप जुना आहे किंवा लिनक्स आहे? मग लिओकॅड. ओपन सोर्स, हलकं, आणि एलड्रॉचीच लायब्ररी वापरतं. दिसायला रुक्ष आहे, पहिले दोन दिवस शिव्या घालाल. आणि ठोकळ्यांचं ॲनिमेशन करायचं असेल, तर मेकाब्रिक्सवरचं मॉडेल ब्लेंडरमध्ये नेणारे बरेच आहेत. मी त्या वाटेला फारसा गेलो नाही.

बसचं म्हणाल, तर खिडक्यांचा रंग बदलला, बंपर जोडला. पार्ट अजून मागवलेले नाहीत, आधी कंडक्टरची सीट नीट बसवायचीय.