लाल शाईखालची मराठी

‘दिलेलं वाक्य दुरुस्त करून लिहा’ हा प्रश्न आपल्या इंग्रजीच्या पेपरात इतका मुरलेला आहे की तो कुणी तरी कधी तरी शोधून काढला असेल, हे मनातही येत नाही. तो निघाला इंग्लंडात, आणि तोही इंग्रज मुलांसाठी. अठराव्या शतकाच्या मध्यावर न्यूकॅसलच्या अ‍ॅन फिशर या शिक्षिकेने आपल्या व्याकरणात मुद्दाम अशुद्ध वाक्यं छापली आणि ती मुलांना सुधारायला लावली. पुढे लिंडली मरे या यॉर्कला स्थायिक झालेल्या अमेरिकन वकिलाने तिथल्या मुलींच्या शाळेसाठी 1795 मध्ये व्याकरण लिहिलं आणि दोन वर्षांनी अशा वाक्यांच्या सरावाचं वेगळं पुस्तकच काढलं. त्या काळच्या व्याकरणकारांना खुपत होत्या त्या घरात इंग्रजीच बोलणाऱ्यांच्या चुका: ‘हू’ आणि ‘हूम’ची गल्लत, एका वाक्यात दोन नकार, ‘यू वॉज’. भाषा येतच होती, तिला शिष्टसंमत वळण लावायचं होतं. मुंबई इलाख्यातल्या मराठी मुलापुढे हाच साचा आला तेव्हा त्याची अडचण अगदी दुसरी होती. त्याला वळण नंतर, आधी भाषा हवी होती. तेव्हापासूनच्या काळाकडे पाहिलं तर एक गोष्ट सारखी जाणवते. आपण मराठी मुलांच्या इंग्रजी चुका भरपूर सुधारल्या, पण सुधारताना मराठीकडे क्वचितच पाहिलं. आणि ज्या एका पद्धतीत तसं पाहण्याची सोय होती, ती जुनाट म्हणून अडगळीत टाकली.

ती पद्धत म्हणजे भाषांतराची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. पुस्तक रूक्षच होतं. एक नियम, त्याखाली मराठी वाक्यांची रांग, त्यांचं इंग्रजी करायचं, की पुढचा नियम. पण त्या रूक्षपणात एक मर्म होतं. विद्यार्थ्याच्या वहीत दोन्ही भाषा समोरासमोर बसायच्या आणि एकीचं वाक्य दुसरीत जसंच्या तसं उतरत नाही, हे त्याला ओळीगणिक ठेचकाळत कळायचं. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ‘रेन अँड मार्टिन’ आलं आणि व्याकरणाचं दुसरं नावच होऊन बसलं. त्यातले पर्सिव्हल रेन म्हणजे ‘बो जेस्त’ ही साहसकथा लिहिणारेच. ते इथल्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. हे पुस्तक नीटस आणि भरगच्च. मात्र ते साऱ्या हिंदुस्थानासाठी होतं, त्यामुळे मदुराईच्या मुलाची चूक आणि मिरजेच्या मुलाची चूक यांत त्याला फरक करता येत नव्हता.

फरक किती खोल असतो याचा सर्वांत चांगला पुरावा ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ या वाक्यात आहे. मराठी माणसाच्या इंग्रजीत हा ‘हॅड’ जागोजागी सापडतो. शिक्षक सांगतात, हा भूतकाळाच्याही आधीचा भूतकाळ, दोन घटना असतील तेव्हा आधीचीला लावायचा. विद्यार्थी नियम पाठ करतो, परीक्षेत रिकाम्या जागा बरोबर भरतो आणि बाहेर पडल्यावर पुन्हा ‘हॅड गॉन’ म्हणतो. का? कारण त्याच्या मनात ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे वाक्य आहे, आणि मराठीत ते पूर्ण शुद्ध, सरळ आणि एकाच घटनेचं आहे. आपण ‘गेलो’ आणि ‘गेलो होतो’ यांत भेद करतो, पण तो नेहमीच आधी-नंतरचा नसतो. ‘गेलो होतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, हा जाऊन परत आलेला आहे, ती गोष्ट तिथे मिटली. ही छटा इंग्रजीत साध्या ‘वेंट’मध्येच सामावते. मराठीतला ‘होतो’ आणि इंग्रजीतला ‘हॅड’ दिसायला सारखे, करतात मात्र वेगवेगळी कामं. हे मराठीतूनच आणि मराठीविषयीच सांगावं लागतं. इंग्रजीचा नियम कितीही स्वच्छ मांडला तरी त्यात ही माहिती नसते.

एकदा या नजरेने पाहिलं की वहीतल्या लाल खुणा वेगळ्याच दिसू लागतात. ‘अँग्री ऑन मी’मागे ‘माझ्यावर रागावला’ उभं असतं, ‘गुड इन मॅथ्स’मागे ‘गणितात हुशार’, ‘रीच्ड टू पुणे’मागे ‘पुण्याला पोचलो’. ‘दो’नंतर हटकून येणारा ‘बट’ हा आपल्या ‘जरी–तरी’तला ‘तरी’ असतो. मराठीत जोडी तोडली तर वाक्य लंगडतं, इंग्रजीत जोडली तर. ‘सिन्स टेन इयर्स’मध्ये तर दुहेरी गुंता आहे. ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘2010 पासून’ यांना मराठीत एकच ‘पासून’ पुरतो, आणि क्रियापदही ‘राहतो’ असं वर्तमानात ठेवून भागतं. ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ला हसणाऱ्यांनी ‘मला समजतंय’ हे आपलं रोजचं वाक्य आठवावं. ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’ हे तर ‘त्याने विचारलं, की तू कुठे चाललास’चंच रूप. मराठीला दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं वाक्यात घेता येतं, इंग्रजीला त्यासाठी शब्दांचा क्रम आणि काळ बदलावा लागतो. यांतली एकही चूक निष्काळजीपणाची नाही. प्रत्येक ठिकाणी मुलाने एक व्याकरण काटेकोर पाळलेलं आहे, फक्त ते दुसऱ्या भाषेचं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू करायचं ठरलं. वर्षं कमी झाली, तेव्हा थोडक्यात जास्त शिकवणारी पद्धत हवी होती आणि ती वाक्यरचनांच्या सरावाच्या रूपाने आली. 1958 मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, देशभर शिक्षकांची प्रशिक्षणं होऊ लागली. शिक्षक दाराकडे चालत जात ‘आय ॲम गोइंग टू द डोअर’ म्हणायचा, वर्ग तेच म्हणायचा. मराठी शब्द तोंडून जाणं म्हणजे पद्धत बाटवणं. गंमत अशी की याच सुमारास, 1957 मध्ये, अमेरिकेत रॉबर्ट लॅडो शिकणाऱ्याची भाषा आणि शिकायची भाषा यांची ओळीने तुलना करा, असं सांगणारं पुस्तक लिहीत होते. आपल्या वर्गात तुलनेला बंदी होती. शिवाय सरावातून काही नव्या चुकाही आल्या असाव्यात. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य मराठीतून आलेलं नाही, कारण ‘मला दोन भाऊ आहेत’मध्ये चालू काळ कुठे आहे? पहिल्या दिवसापासून घोटून घेतलेल्या ‘आय एन जी’चा तो प्रताप असावा, असा माझा कयास आहे.

चुकांमागे अशी मराठी शोधण्यावर पहिला आक्षेप भाषाशास्त्रातूनच आला, आणि तो वजनदार आहे. स्टीफन पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये दाखवून दिलं की चूक ही शिकण्याची खूण असते, शिकणारा स्वतःचे नियम बांधत असतो. पुढच्या दशकातल्या अभ्यासांतून दिसलं की वेगवेगळ्या भाषांची मुलं पुष्कळदा सारख्याच चुका करतात. मान्यच करायला हवं. ‘शी गो टू स्कूल’ याला मराठी जबाबदार असती तर ही चूक झालीच नसती. मराठी क्रियापद पुरुष, वचन आणि वर्तमानात लिंगसुद्धा सांभाळतं. ‘ती जातो’ असं पोरगंही म्हणत नाही. तरी तेच पोर ‘गोज’मधला ‘ज’ खातं, आणि जपानी मूलही खातं. पण यातून निघतं ते एवढंच, की सगळ्या चुका एका पोत्यात भरू नयेत. ‘गो’ला वेळ द्यावा, तो सरावाने बसतो. ‘हॅड गॉन’ वेळेने बसत नाही. तीस वर्षं इंग्रजीत नोकरी करणाऱ्यांच्या बोलण्यातही तो टिकून असतो. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये तर लेखनातलं व्याकरण तपासणंच निरुपयोगी, उलट घातक, असं मांडलं आणि डॅना फेरिस यांनी त्यांना जोरदार उत्तर दिलं. वाद अजून मिटलेला नाही, पण ज्यावर तो चालला ती दुरुस्ती इंग्रजीत राहून केलेली दुरुस्ती होती.

दुसरा आक्षेप घरचा आहे: भाषांतर घोकलेल्या पिढ्यांना अर्ज लिहिता आले, बोलता आलं नाही. खरं आहे. बंगळुरूला 1979 पासून पाच वर्षं एन. एस. प्रभू यांनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कोडी आणि कामं देत इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला, तो याच कोंडीतून. भाषांतराने बोलणं येईल असा माझा दावा नाही. अडलेल्या ठिकाणी दोन मिनिटं मराठी वाक्य शेजारी मांडणं आणि अख्खा तास भाषांतर करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिसरा आक्षेप असा की ‘आय ॲम इन पुणे ओन्ली’ ही चूक कशाला मानायची, भारतीय इंग्रजीचं ते वळण आहे. ब्रज काचरूंनी असल्या वळणांना प्रतिष्ठा मिळवून दिली, ते योग्यच झालं. आपला ‘च’ जे काम करतो ते इंग्रज आवाजाच्या आघाताने करतो. ‘ओन्ली’ला मी लाल शाई लावणार नाही. पण ते वळण आहे हे वळण घेणाऱ्याला ठाऊक असावं, म्हणजे कुठे घ्यायचं ते त्याला ठरवता येतं.

2000 मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना इंग्रजी पहिलीपासून आली. वर्षं वाढली, पण दहावीच्या मुलाला ‘नो सूनर’ने वाक्य सुरू करा, ‘टू’ काढून टाका, ‘अनलेस’ वापरा, असल्या कसरती पुढेही चुकल्या नाहीत. त्या तो बिनचूक करतो, कारण त्यांच्या आड येणारं काही मराठीत नाही. आता तपासायला फोनही आहे. ‘अँग्री ऑन मी’ लिहिलं की खाली लगेच रेघ उमटते. ‘आय हॅड गॉन टू पुणे’ लिहिलं की बहुधा उमटत नाही. एकटं वाचलं तर त्या वाक्यात काहीच चूक नाही.