आर्च लिनक्सची हस्तचलित प्रतिष्ठापना

आर्च लिनक्सची हस्तचलित प्रतिष्ठापना म्हणजे आर्च लिनक्स ही मुक्तस्रोत संचालन प्रणाली एकेक आज्ञा टंकून संगणकावर बसवण्याची, अर्थात इन्स्टॉल करण्याची, पद्धत होय. या पद्धतीत माउसने निवडण्याजोगे पर्याय नसतात. डिस्कची विभागणी, पॅकेजे, भाषा, बूटलोडर हे सर्व निर्णय वापरकर्ता स्वतः घेतो. नवशिक्यांना ही पद्धत अवघड वाटते. तथापि जुनी माहिती कायमची नष्ट होण्याचा धोका प्रामुख्याने डिस्कची विभागणी व फॉरमॅट या टप्प्यात असतो. उरलेल्या बहुतेक चुका नंतर दुरुस्त करता येतात.

== पार्श्वभूमी ==
कॅनडातील प्रोग्रॅमर जड विनेट यांनी आर्च लिनक्सची पहिली आवृत्ती मार्च २००२ मध्ये प्रकाशित केली. रचना साधी ठेवणे आणि निवड वापरकर्त्यावर सोपवणे, हे या प्रणालीचे धोरण आहे. पॅकेजांचे व्यवस्थापन 'पॅकमन' या प्रोग्रॅमद्वारे होते. २०१२ मध्ये जुना प्रतिष्ठापक प्रोग्रॅम वगळण्यात आला. २०२१ पासून 'आर्चइन्स्टॉल' हा मार्गदर्शक प्रोग्रॅम उपलब्ध असला, तरी हस्तचलित पद्धतही प्रचलित आहे.

== पूर्वतयारी ==
६४-बिट एक्स८६ प्रोसेसर, किमान ५१२ एमबी रॅम आणि इंटरनेट जोडणी आवश्यक असते. अधिकृत प्रतिमा-फाइल उतरवून तिची डिजिटल स्वाक्षरी तपासली जाते व ती पेन ड्राइव्हवर लिहिली जाते. ही प्रतिमा 'सिक्युअर बूट' सुविधेसह सुरू होत नसल्याने ती सुविधा तात्पुरती बंद करावी लागते. संगणकावर विंडोज असून डिस्क 'बिटलॉकर'ने कूटबद्ध असल्यास तिची पुनर्प्राप्ती-कळ आधीच नोंदवून ठेवणे आवश्यक ठरते. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवणे ही सर्वांत महत्त्वाची तयारी होय.

== प्रमुख टप्पे ==
; डिस्कची ओळख
: 'एलएसबीएलके' ही आज्ञा जोडलेल्या सर्व डिस्क दाखवते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर डिस्कची नावे बदलू शकतात. म्हणून केवळ नावावर विसंबून न राहता आकारमानही पडताळले जाते.

; विभागणी व फॉरमॅट
: 'एफडिस्क' या प्रोग्रॅममध्ये केलेले बदल 'डब्ल्यू' ही आज्ञा देईपर्यंत डिस्कवर लिहिले जात नाहीत, तोवर 'क्यू' देऊन काहीही न बदलता बाहेर पडता येते. यूईएफआय संगणकावर बूटसाठी एक ईएफआय विभाग व प्रणालीसाठी एक मूळ विभाग लागतो. विंडोज आधीपासून असल्यास विद्यमान ईएफआय विभाग पुन्हा फॉरमॅट केला जात नाही. तसे केल्यास विंडोजचा बूटलोडर नाहीसा होतो.

; मूळ प्रणाली
: विभाग जोडल्यावर 'पॅकस्ट्रॅप' या आज्ञेने मूळ पॅकेजे, लिनक्स कर्नल व फर्मवेअर बसवले जातात. 'जेनएफएसटॅब' विभागांची यादी तयार करते आणि 'आर्च-क्रूट'ने नव्या प्रणालीत प्रवेश मिळतो.

; अंतर्गत मांडणी
: कालक्षेत्र (भारतासाठी 'एशिया/कोलकाता'), भाषा, संगणकाचे नाव व पासवर्ड ठरवून अखेरीस ग्रबसारखा बूटलोडर बसवला जातो.

== नेहमीच्या चुका व उपाय ==
पेन ड्राइव्हवरील प्रणालीत इंटरनेट चालते, म्हणून ते नव्या प्रणालीतही चालेल असा नवशिक्यांचा समज होतो. प्रत्यक्षात मूळ पॅकेज-संचात नेटवर्क व्यवस्थापक नसतो. तो वेगळा बसवून सुरू करावा लागतो. बूटलोडर विसरल्यास नवी प्रणाली सुरूच होत नाही. अशा वेळी सर्व काही पुसून पुन्हा आरंभ करण्याची गरज नसते. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, तेच विभाग फॉरमॅट न करता जोडून व 'आर्च-क्रूट'ने आत जाऊन राहिलेला टप्पा पूर्ण करता येतो.

== मराठीचा वापर ==
भाषांच्या यादीत भारतातील मराठीचा पर्याय उपलब्ध आहे. मात्र केवळ मजकूर दाखवणाऱ्या लिनक्स कन्सोलवर देवनागरी नीट उमटत नाही. त्यामुळे प्रतिष्ठापनेच्या वेळी इंग्रजी ठेवून, चित्रमय पर्यावरण बसवल्यानंतर मराठी निवडणे सोयीचे ठरते. 'नोटो'सारखा देवनागरी अक्षरे असलेला फॉन्ट-संच नसल्यास अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसतात.