पंप चालेना? आधी खिशातले पाकीट पाहा

दमा आपल्या मीरा-भाईंदरला नवा नाही. खाडीकाठची दमट हवा, पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल आणि तिच्यावरची बुरशी, काशिमीऱ्याच्या हमरस्त्याची धूळ, पूर्वेकडच्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करताना उडणारा बारीक भुगा. ही सगळी कारणे रुग्ण आपणहून सांगतात. एक कारण मात्र विचारल्याशिवाय निघत नाही, आणि विचारले तरी निम्मेच निघते. "सिगारेट किती?" "फार नाही डॉक्टर, दोन-तीन." शेजारी बसलेली बायको त्या वेळी छताच्या पंख्याकडे बघत असते.

धूम्रपान वाईट, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. ते पाकिटावर चित्रासकट छापलेले असते. पण दम्याच्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. सिगारेट दमा वाढवते, आणि त्याच वेळी दम्याचे औषधही निकामी करते. रुग्ण पैसे खर्चून पंप घेतो, गुण येत नाही, मग पंपाला नावे ठेवून तो बंद करतो. सिगारेट चालूच राहते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी दम्यात नेमके काय होते ते थोडक्यात पाहू. आपल्या श्वासनलिकांना आतून नाजूक अस्तर असते. दम्यात या अस्तराला कायमची सूज असते. त्यावर धूळ, धूर, थंड हवा, सर्दी यांचे निमित्त झाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि छातीत शिट्ट्या वाजू लागतात. यावर औषधे दोन प्रकारची. निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. चार-पाच मिनिटांत बरे वाटते, म्हणून तो सर्वांचा लाडका. दुसरा, रोज घ्यायचा स्टिरॉइडचा पंप, सूज उतरवतो. त्याचा गुण सावकाश येतो, पण दमा ताब्यात ठेवतो तो हाच. नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, असे दम्यावरील 'जिना' ही जागतिक संस्था २०१९ पासून स्पष्टपणे सांगते आहे.

सिगारेटचा घाव पडतो तो नेमका या दुसऱ्या पंपावर.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील डॉक्टरांनी २००२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सौम्य दमा असलेले आणि पूर्वी स्टिरॉइड न घेतलेले ३८ रुग्ण त्यांनी घेतले. त्यांतले २१ सिगारेट न ओढणारे, १७ ओढणारे. सर्वांना फ्लुटिकासोन या स्टिरॉइडचा पंप रोज १००० मायक्रोग्रॅम, म्हणजे चांगल्या भरभक्कम मात्रेत, तीन आठवडे दिला. रोज सकाळी फुंकण्याचा जोर यंत्रावर मोजला. न ओढणाऱ्यांचा जोर मिनिटाला सरासरी २७ लिटरने वाढला. ओढणाऱ्यांचा वाढला तर नाहीच, उलट पाचाने उतरला. औषध तेच, मात्रा तीच, आजारही तोच. पुढच्याच वर्षी त्याच गावच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन पाहिल्या, रोज ४० मिलिग्रॅम, १४ दिवस. तिथेही ओढणाऱ्यांना म्हणण्यासारखा फायदा झाला नाही.

असे का व्हावे? एक तर धुरामुळे सुजेचा प्रकारच बदलतो. तिथे वेगळ्या जातीच्या पेशी गोळा होतात आणि त्या स्टिरॉइडला दाद देत नाहीत. दुसरे, स्टिरॉइडला पेशीत शिरून काम करण्यासाठी एका विकराची मदत लागते, आणि धुरातली रसायने तो विकर दुबळा करतात. किल्ली नवी कोरी, पण कुलूपच गंजलेले, असा हा प्रकार. मग रुग्ण मोठी मात्रा मागतो, डॉक्टर बदलतो, कोणी सुचवलेली मुळी-पुडी आणतो. गंज काढायचे तेवढे राहून जाते.

त्यात या मंडळींची एक लकब मला नेहमी नवलाची वाटते. "पंपाची सवय लागेल" म्हणून पंपाला घाबरणारा माणूस तिसऱ्या झुरक्यालाही घाबरत नाही. पंपाची सवय लागत नाही. लागते ती निकोटिनची.

धोतऱ्याची गोष्ट

"सिगारेट ओढली की कफ सुटतो, छाती मोकळी होते," असे सांगणारे बरेच भेटतात. या समजुतीला थोडा इतिहासही आहे. आपल्याकडे दम्यावर धोतऱ्याचा धूर घेण्याची जुनी चाल होती. १८०२ च्या सुमारास मद्रासचे डॉ. जेम्स अँडरसन यांच्याकडून ती जनरल जेंट यांच्यामार्फत इंग्लंडात गेली. पुढे तिकडे धोतऱ्याच्या जातीच्या वनस्पतीच्या 'दम्याच्या सिगारेटी' विकल्या जाऊ लागल्या. धोतऱ्यात स्नायू सैल करणारे द्रव्य खरोखरच असते, आणि त्याच जातकुळीची औषधे आज आपण पंपातून, धुराशिवाय आणि मोजून देतो. तंबाखूत असे काही नाही. सिगारेटनंतर सुटणारा कफ हा धुराने चिडलेल्या नलिकांनी ओकलेला कफ असतो. आणि कोणी घरी धोतरा जाळून पाहू नये. ते विष आहे.

विडीची बाजू घेणारेही असतात. "कागद नाही, रसायन नाही, साधे पान." पण विडीचे तेंदूपान जाड असते, त्यातून हवा सहज जात नाही, ती विझू नये म्हणून जोराने आणि वरचेवर ओढावी लागते. डांबर आणि निकोटिन त्यामुळे कमी होत नाही, वाढते. फिल्टरची सिगारेट, हुक्का यांचीही वकिली करू नये. ई-सिगारेटवर तर देशात २०१९ पासून बंदीच आहे.

आपल्या राज्याची गंमत अशी की इथे तंबाखू ओढण्यापेक्षा खाल्ली जास्त जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्केच निघाले, तंबाखू खाणारे-लावणारे मात्र जवळपास चौथा हिस्सा. म्हणून काही रुग्ण विचारतात, सिगारेट सोडून तंबाखू मळली तर? छातीवरचा धूर थांबेल हे खरे. पण तोंडाचा कर्करोग विकत घेऊन दमा बरा करण्याचा सल्ला कोणता डॉक्टर देईल?

गॅलरीतली सिगारेट

वन रूम किचनच्या घरात, गॅलरीही काचा लावून आत घेतलेली, तिथे बाप उभा राहून सिगारेट ओढतो आणि समजतो की धूर बाहेर गेला. तो पडद्यात, गादीत, बापाच्या शर्टात राहतो. त्याच घरात सहा वर्षांचे पोर रात्री दोनला खोकत उठते आणि आई त्याला मांडीवर घेऊन बसते. ती माऊली एकही झुरका घेत नाही, पण धूर दोघांच्याही छातीत जातो. अशा घरी मुलाचा डोस वाढवण्याआधी मी बापाला बोलावतो. आईला सांगून उपयोग नसतो, ती आधीच सांगून थकलेली असते.

बंद जागेतला धूर थांबला की मुलांचा दमा किती उतरतो, याचा दाखला स्कॉटलंडने दिला. तिथे मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपान बंद झाले. त्याआधी मुलांचे दम्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे ५ टक्क्यांनी चढत होते. बंदीनंतर ते वर्षाला सुमारे १८ टक्क्यांनी उतरू लागले. आपल्याकडे कायदे कमी नाहीत. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली, २००३ मध्ये कायदा आला, सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्या सिगारेट-विडीची विक्रीही बंद केली. स्टेशनबाहेरच्या टपरीवर संध्याकाळी काय दिसते, ते लोकलने येणारा वाचक जाणतोच.

सोडल्यावर काय होते

आता चांगली बातमी. ग्लासगोच्याच डॉक्टरांनी २००६ मध्ये सिगारेट ओढणारे दमेकरी घेऊन त्यांना सोडण्याची संधी दिली. दहा जणांनी सहा आठवडे सिगारेट सोडली, दहा जणांनी चालू ठेवली. सहा आठवड्यांनंतर पहिल्या सेकंदात जोराने बाहेर पडणारी हवा मोजली, तेव्हा सोडणाऱ्यांची सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ४०७ मिलिलिटरने जास्त भरली. माणसे थोडी होती, हे मान्य. पण जिना चढताना ज्याला प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकावे लागते, त्याला एवढी हवा म्हणजे काय ते विचारा.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. तल्लफ काही मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटे काढायची असतात. पाणी प्या, टपरीचा रस्ता टाळा, चहाची जोडीदार मंडळी काही दिवस बदला. नुसत्या निश्चयावर न जमल्यास निकोटिनचे च्युइंगम आणि गोळ्या आहेत, त्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत मदतीचा क्रमांक आहे. काही जणांचा खोकला पहिल्या काही दिवसांत वाढतो. नलिकांतील बारीक केसांसारखे झाडू पुन्हा कामाला लागून साचलेला कफ वर ढकलतात, म्हणून तो वाढतो. "सोडली आणि त्रास वाढला" म्हणून पुन्हा पेटवणारे इथेच फसतात.

एक महत्त्वाची सूचना, जी बहुतेकांना कोणी देत नाही. दम्यासाठी डेरिफायलीन किंवा थिओफायलीनच्या गोळ्या चालू असतील, तर सिगारेट सोडल्याचे डॉक्टरांना लगेच कळवा. धुरामुळे यकृत हे औषध झपाट्याने संपवत असते. धूर थांबला की तीच मात्रा रक्तात जास्त साठते आणि मळमळ, छातीत धडधड, झोप न लागणे असे त्रास होतात. मात्रा कमी करावी लागते. ती स्वतःच्या मनाने करू नये.

रोजचा पंपही बरे वाटताच सोडू नका. तो स्पेसर लावून घ्यावा, नंतर खळखळून चूळ भरावी. आणि कधी बोलताना एक वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ-नखे निळसर दिसत असतील, निळ्या पंपाने आराम पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. स्पेसरमधून निळ्या पंपाचे फवारे एकेक करून देत रुग्णाला बसवूनच रिक्षात घाला आणि जवळच्या रुग्णालयात न्या, मग ते टेंभ्याचे असो की गल्लीतले. आडवे झोपवू नका.