जुन्या वास्तूंना चुन्याची सफेदी

राजपुरीच्या खाडीकाठी, दिघीच्या समोर वसलेल्या आगरदांड्यात आणि १९४८ साली विलीन होईपर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानच्या अमलाखाली असलेल्या भोवतालच्या मुलखात, जांभ्या दगडाची व चुन्याच्या गिलाव्याची जी जुनी घरे आढळतात, त्यांना रंग देण्याची तजवीज करण्यापूर्वी भिंतींची प्रकृती जाणून घेणे अगत्याचे आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतील ओल आणि खाऱ्या हवेतील क्षार तो शोषून घेतो, आणि ही ओल चुन्याच्या थरातून बाष्परूपाने बाहेर पडते. परंतु त्याच भिंतीवर तैलरंगाचा अभेद्य लेप चढविला, की ती आत कोंडते, क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाखाली वाढतात, आणि रंगाला फोड येऊन गिलाव्यासकट पापुद्रे सुटू लागतात.

चुनखडी अथवा किनाऱ्यावरचे शिंपले सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजले असता कळीचा चुना सिद्ध होतो. तो पाण्यात विरवून, मुरवून, वस्त्रगाळ करून, त्यात थोडे डिंकाचे वा सरसाचे पाणी मिसळून, भिजविलेल्या भिंतीवर पातळ हात एकावर एक दिले, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडीच्याच द्रव्यात परिणत होतो. शुभ्रतेसाठी किंचित नीळ, तांबूस छटेसाठी गेरू, पिवळेपणासाठी पिवळी माती पुरेशी असते.

ओटीवरच्या सागवानी खांबांना व तुळयांना जवसाचे तेल द्यावे. सफेदीचा हात वरचेवर द्यावा लागतो खरा. तथापि जुना थर न खरवडता नवा देता येतो, आणि हा खर्च गिलावा नव्याने करण्याहून खचितच अल्प आहे.