परतण्याआधी गावाकडे घर घेताय? ‘एनए होणारच आहे’ यावर इसार देऊ नका

अमरावतीत कठोरा रोड, रहाटगाव, बडनेरा रोड. अकोल्यात मलकापूर, कौलखेड, गोरक्षण रोड. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या वऱ्हाडी माणसाच्या व्हॉट्सॲपवर या भागांतल्या प्लॉटचे व्हिडिओ येतच असतात. आई-बाबा थकले, दोन-तीन वर्षांत परतायचे, तोवर घर करून ठेवू, हा विचार साधा आहे. बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाल्यापासून या विचाराला आणखी जोर आला.

अडचण अशी, की स्वस्तात दाखवलेला प्लॉट अनेकदा कागदावर शेतच असतो.

काय घेता येते, काय नाही?

‘फेमा’ कायद्याखाली अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारकांना फ्लॅट, घर, दुकान रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीशिवाय घेता येते. शेतजमीन आणि फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळू शकते. नियम मोडल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कूळ कायदा लागू आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावर त्यातही बंधन आहे. म्हणून ‘एनए होणारच आहे, इसार देऊन ठेवा’ असे कोणी म्हटले, की आधी अकृषिक आदेश किंवा सनद आणि मंजूर ले-आउट नकाशा मागावा. सातबारा तर परदेशात बसूनही ऑनलाइन पाहता येतो.

जुन्या वस्तीतले घर घेताना दुसराच प्रश्न येतो: जागा नझूलची आहे का? नझूल म्हणजे सरकारी मालकीची, भाडेपट्ट्याने दिलेली जागा. घर पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुटुंबाकडे असले, तरी पट्ट्याचे नूतनीकरण आणि हस्तांतरणाची परवानगी तपासावीच लागते. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा, तो यासाठीच.

सही कोण करणार?

बहुतेक वेळा भाऊ किंवा मेहुणा. मुखत्यारपत्र परदेशात भारतीय वकिलातीसमोर किंवा तिथल्या नोटरीपुढे करावे लागते. नोटरीकडे केल्यास अनेक देशांत अपोस्टीलही लागते. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. त्यात ठरावीक मालमत्तेचा उल्लेख करून फक्त खरेदी आणि नोंदणीचा अधिकार द्यावा. विकण्याचा, गहाण ठेवण्याचा अधिकार कशाला द्यायचा? सख्ख्या भावावर अविश्वास दाखवतोय असे वाटून अनेक जण इथे गप्प बसतात. पण मर्यादित मुखत्यारपत्र भावालाही सोयीचे असते, उद्या त्याच्यावर कोणी बोट ठेवत नाही. विकणारा खरेदीखताऐवजी मुखत्यारपत्रच देऊ करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

पैसे कसे द्यायचे?

एनआरई किंवा एनआरओ खात्यातून, बँकेमार्फतच. डॉलर-दिरहमच्या नोटा चालत नाहीत. बेत फिसकटून घर विकावे लागले, तर पैसा परत नेताना हीच नोंद कामी येते. विकणारा स्वतः अनिवासी असेल तर रक्कम देण्याआधी सीएला गाठावे. तिथे टीडीएस नेहमीच्या एक टक्क्यापेक्षा बराच जास्त कापावा लागतो. नव्या प्रकल्पात महारेरा क्रमांक पाहावा. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

व्हिडिओत न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया कच्चा असेल तर भिंतीही तडकतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरला खारे पाणी लागते. त्यामुळे दिवाळीच्या सुटीत रंगवलेले घर पाहून ठरवू नये. जमल्यास मे महिन्यात दुपारी जावे, भिंती निरखाव्यात आणि नळाला पाणी कितव्या दिवशी येते, हे शेजारच्या काकूंना विचारावे.