हेडर व डाउनपाइप: छोट्या मोटारीसाठी निवड करण्यापूर्वी

इंजिनाची ताकद वाढावी म्हणून मोटारीचा मूळ एक्झॉस्ट बदलून बाजारात मिळणारे हेडर किंवा डाउनपाइप बसविण्याची हौस अनेक वाहनधारकांना असते. नळीचा व्यास, धातूची चकाकी आणि आवाज एवढ्यावरच ही निवड बहुधा केली जाते. प्रत्यक्षात आजच्या छोट्या पेट्रोल मोटारींत प्रदूषण रोखणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच भागात बसविलेला असतो. त्यामुळे हेडर वा डाउनपाइप निवडताना पहिला प्रश्न ताकदीचा नसून, काढलेल्या भागाबरोबर आणखी काय निघून जाते, हा आहे.

हेडर म्हणजे काय?

इंजिनातील प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारे जळालेले वायू एकत्र करणाऱ्या भागाला मॅनिफोल्ड म्हणतात. मूळ मॅनिफोल्ड अनेकदा बिडाचा, आखूड व जाड असतो. तो टिकाऊ व स्वस्त असतो, परंतु एका सिलिंडरच्या वायूचा दाब दुसऱ्याच्या मार्गात अडथळा आणू शकतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र व शक्यतो सारख्या लांबीची नळी असते. एका सिलिंडरमधून वेगाने बाहेर पडणाऱ्या वायूमागे निर्माण होणारा कमी दाब पुढच्या सिलिंडरमधील वायू खेचून घेण्यास साहाय्यभूत ठरतो.

चार सिलिंडरच्या इंजिनासाठी हेडरचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात चार नळ्या एकदम एका नळीस मिळतात. दुसऱ्यात चारच्या आधी दोन व मग एक नळी होते. बहुतेक छोट्या इंजिनांत ज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा असतो. त्यामुळे दुसऱ्या प्रकारात १ व ४ आणि २ व ३ या सिलिंडरांच्या जोड्या केल्या जातात. पहिला प्रकार साधारणतः उच्च फेऱ्यांवर लाभदायक ठरतो, तर दुसरा मधल्या फेऱ्यांवर. शहरातील रहदारीत इंजिन बहुतेक काळ कमी व मधल्या फेऱ्यांवरच चालते. त्यामुळे रोजच्या वापराच्या मोटारीला दुसरा प्रकार अधिक सोयीचा ठरतो.

तीन सिलिंडरच्या इंजिनाला मात्र हा हिशेब लागू होत नाही. त्यात क्रँकच्या दर २४० अंशांनी एक ज्वलन होते. वायूंचे झोत एकमेकांपासून पुरेसे दूर राहत असल्याने तीन नळ्या एकदम एकत्र केल्या तरी चालते. २०२४ साली बाजारात आलेल्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडरचे इंजिन आहे. जुन्या स्विफ्टसाठी घडविलेले हेडर नव्या मोटारीस निरुपयोगी ठरते, ते यामुळेच.

टर्बो इंजिनाची वेगळी बाब

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात जळालेले वायू प्रथम टर्बाइन फिरवितात व नंतर डाउनपाइपमध्ये येतात. टर्बाइनच्या मागचा व पुढचा दाब यांत जितका फरक, तितके तिचे काम सुकर होते. म्हणून मोकळ्या डाउनपाइपचा परिणाम टर्बो मोटारीत अधिक जाणवतो. तथापि टर्बोचा दाब किती ठेवायचा, हे इंजिनाचा संगणक ठरवितो. त्यातील आज्ञावली बदलल्याखेरीज पूर्ण लाभ मिळत नाही, आणि ती बदलल्यास क्लच व गिअरबॉक्सवरील ताण वाढतो.

काही टर्बो इंजिनांत हेडरचा प्रश्नच उद्भवत नाही. फोक्सवॅगन पोलोच्या १.० लिटर टीएसआय किंवा फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्ट इंजिनात मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या ओतीव भागातच सामावलेला आहे. अशा मोटारीसाठी कोणी हेडर देऊ करीत असेल, तर त्याला इंजिनाची माहिती नाही, असेच समजावे.

व्यास मोठा म्हणजे चांगला नव्हे

नळीचा व्यास ५० मिलिमीटरवरून ६३ मिलिमीटर केल्यास तिचे क्षेत्रफळ सुमारे ५९ टक्क्यांनी वाढते. ७६ मिलिमीटर केल्यास ते दुपटीहून अधिक होते. ज्या इंजिनातून मुळात वायूच कमी निघतो, तेथे एवढ्या रुंद नळीत त्याचा वेग मंदावतो. टर्बो नसलेल्या इंजिनात सिलिंडर रिकामा करणारी ओढ या वेगावरच अवलंबून असते. इंजिनाला थोडा उलटा दाब हवाच असतो, हा प्रचलित समज त्यामुळे बरोबर नाही. इंजिनाला हवा असतो तो वायूचा वेग.

धातू व जोडकाम

इंजिनावर मोठा भार असताना पेट्रोल इंजिनातील वायूंचे तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. साधे पोलाद या तापमानात लवकर गंजते. ४०९ दर्जाच्या स्टेनलेस पोलादात सुमारे ११ टक्के क्रोमियम असते; ते स्वस्त असते, पण कालांतराने त्यावर वरवरचा गंज दिसतो. ३०४ दर्जात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असल्याने ते गंजाला अधिक दाद देत नाही. मुंबई, गोवा वा चेन्नईसारख्या किनारी भागात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

३०४ दर्जाची एक मीटर नळी ६०० अंशांनी तापली, तर ती सुमारे एक सेंटिमीटरने लांबते. या प्रसरणाला वाव देणारा लवचिक जोड नसल्यास वेल्डिंगला तडे जातात. खरेदीपूर्वी जाड व सपाट फ्लँज, आतून स्वच्छ वेल्डिंग, ऑक्सिजन सेन्सरसाठी मूळ जागीच ठेवलेली छिद्रे आणि उष्णतारोधक पत्रा बसण्याची सोय तपासावी. सेन्सरच्या आधी गळती असल्यास बाहेरील हवा आत ओढली जाते. इंजिनाच्या संगणकाला मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे भासते व तो ते वाढवितो. परिणामी इंधन वाया जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतितप्त होऊन निकामी होऊ शकतो. शिवाय गळणारा कार्बन मोनॉक्साइड मोटारीत शिरण्याचा धोका असतो. या वायूला रंग वा वास नसल्याने तो प्रवाशांच्या लक्षात येत नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे महत्त्व

पोळ्याच्या आकाराच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा पातळ थर देऊन हा भाग तयार केला जातो. कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड या तिन्ही घटकांचे तो कमी घातक घटकांत रूपांतर करतो. त्यासाठी त्याचे तापमान सुमारे २५० ते ३०० अंशांवर जावे लागते. तो लवकर तापावा म्हणूनच उत्पादक तो इंजिनाच्या अगदी जवळ बसवितात. तो काढून टाकला, तर इंजिन जळालेले वायू जसेच्या तसे रस्त्यावर सोडते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनुसार पेट्रोल मोटारीला प्रति किलोमीटर १ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड व ०.०६ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड एवढीच मुभा आहे. कन्व्हर्टरविना ही मर्यादा पाळणे शक्य नाही. त्याच्या पुढे बसविलेला दुसरा ऑक्सिजन सेन्सर त्याच्या कामावर लक्ष ठेवतो आणि दोष आढळल्यास चालकासमोरील दिवा लावतो. सेन्सरला चकविणारे तुकडे बाजारात मिळतात. त्यांनी दिवा विझतो, प्रदूषण मात्र कमी होत नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील, असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने हवा व ध्वनिप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. उत्पादकाची हमी व विम्याचा दावा यांवरही अशा बदलाचा परिणाम होऊ शकतो.

निवड कशी करावी?

रस्त्यावर चालविण्याच्या मोटारीसाठी मूळ जागी, मूळ क्षमतेचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कायम ठेवणाऱ्या भागाचाच विचार करावा. जाळीत छिद्रे जितकी विरळ, तितका वायूचा मार्ग मोकळा होतो, पण शुद्धीकरणाचा पृष्ठभागही घटतो, हे ध्यानी घ्यावे. तो भाग आपल्याच इंजिनासाठी घडविला आहे का आणि त्याला उत्सर्जन चाचणीची मान्यता आहे का, याची कागदोपत्री खातरजमा करावी. विक्रेत्याने ताकदवाढीचा आकडा सांगितल्यास एकाच मोटारीची, एकाच यंत्रावर, बदलापूर्वी व बदलानंतर केलेली चाचणी मागावी. केवळ पीयूसी प्रमाणपत्रावर विसंबू नये, कारण पेट्रोल मोटारीच्या त्या तपासणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजला जात नाही.

कन्व्हर्टर नसलेल्या डाउनपाइपची जागा शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर, तीही ट्रेलरवरून नेलेल्या मोटारीत आहे. कोइम्बतूर वा चेन्नईजवळील शर्यतमार्गांवर जे चालते, ते शाळेसमोरच्या रस्त्यावर चालू नये. छोट्या मोटारीत टर्बो नसेल, तर केवळ हेडरने मिळणारा लाभ बेताचाच असतो. तेवढ्यासाठी खर्च करण्यापूर्वी मूळ एक्झॉस्टमधील गळती, जुना ऑक्सिजन सेन्सर व तुंबलेला एअर फिल्टर तपासून घ्यावा. हरवलेली ताकद पुष्कळदा तेथेच सापडते.