माळवद पाडण्याआधी

कंधार, औसा, उदगीर या किल्ल्यांच्या गावांत जुन्या वाड्याची भिंत दोन-तीन फूट, कुठे चार फूटही जाड असते. दिंडी दरवाजातून आत गेलं की ढाळज लागते. तिच्या दोन्ही अंगांना उंच ओटे, पाव्हण्यारावळ्यांना टेकायला आणि कामकऱ्यांना बसायला. पुढे चौक, चौकाभोवती ओसरी, मग माजघर आणि त्यामागे अंधारात देवघर नि धान्याचं बळद. घराचा आकार सांगायचा तो खणांत. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा.

वरचं ओझं बहुतेक घरांत भिंत पेलतच नाही. ते लाकडी खांब-तुळयांवर असतं. तुळयांवर लाकडी कड्या-फळ्यांचा कडीपाट, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, हे झालं माळवद. कोकणातल्या मुसळधार पावसात असं सपाट छत टिकणार नाही, तिथे उतरतं कौलच हवं. आपल्याकडे मराठवाड्यात पाऊस बेताचा आणि ऊन चाळिशीपार. भर दुपारी चौकात पाय भाजत असताना माजघरात निवांत झोप लागते, ती या मातीमुळे आणि त्या भिंतींमुळे.

असं हे शहाणं घर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपात माणसांच्या अंगावर आलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हापासून माळवद म्हटलं की लातूरकडच्या माणसाच्या अंगावर काटा येतो, आणि त्यात नवल नाही.

पण नेमकं पडलं काय? कित्येक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती ढासळल्या. ती जाड भिंत एकसंध नव्हतीच. आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये चिखल आणि दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना आरपार धरणारा जोडदगड नव्हता. धक्का बसताच थर सुटे झाले. शिवाय डोक्यावर माती. छत गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, जुनी मात्र खरवडायची नाही. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर दोन फूट माती साचली, तर तिचं वजन नऊ टनांच्या आसपास भरतं.

असा दोष सुधारता येतो, त्यासाठी घर सोडावं लागत नाही. लंडनची घरं १६६६ च्या आगीत जळाली. त्या शहराने दाटीवाटीची घरं सोडून दिली नाहीत. कायद्याने विटा-दगडाच्या भिंती सक्तीच्या केल्या, आणि १७७४ च्या कायद्याने घराच्या वर्गानुसार भिंतीची जाडीसुद्धा ठरवून दिली. आज पर्यटक ज्यांचे फोटो काढतात, ती जॉर्जियन काळातली देखणी, एकसारखी घरं याच शिस्तीतून आली. आपण मात्र माळवदाला दोषी ठरवून मोकळे झालो. पुनर्वसनात गावंच्या गावं नव्या जागी गेली, आणि जिथे भूकंपाने काही पाडलं नव्हतं तिथलेही वाडे भीतीपोटी पाडले गेले. हे मला फार मोठं नुकसान वाटतं.

दुरुस्ती अवघड नाही. छतावरची माती आठ इंचांवर आणायची आणि पाणी अडवायला नीट लेप द्यायचा. भिंतीत उभ्यात दर दोन फुटांवर, आडव्यात दर चार फुटांवर आरपार भोक पाडून लोखंडी सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरके टेकू द्यायचे. भूकंपानंतर अभियंत्यांनी हेच उपाय सुचवले होते.

आणि धोका टळलेला नाही. किल्लारीच्या वेळी लातूर भूकंप-धोक्याच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होतं. २००२ मध्ये ते तिसऱ्या क्षेत्रात आलं. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीच्या भूगर्भात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा नांदेडकर घराबाहेर धावले. तुमच्या गावी वाडा उभा असेल, तर या पावसाळ्याआधी वर चढून माती मोजा, भिंत कुठे फुगली आहे का ते पाहा, आणि पाडायचा निर्णय घेण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याला एकदा दाखवा.